सोलापूरहून वासोटा–नागेश्वर गोल ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की सोलापुरातून वासोट्याची विचारणा सुरू होते. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते: एका दिवसात वासोटा किल्ला आणि नागेश्वरची गुहा दोन्ही करायचे, गेलेल्या वाटेने परत न येता. ते जमतं, आणि फार सुंदर जमतं. पण त्यासाठी काय काय ठाऊक असायला हवं, ते एकदाच नीट लिहून ठेवतो आहोत.

ही वाट नेमकी कुठून कुठे जाते?

सातारा जिल्ह्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे सह्याद्रीचा मुख्य घाटमाथा आहे. जलाशयाकाठच्या बामणोली गावाहून लाँचने साधारण दीड तास पाण्यातून गेलं की मेट इंदवलीच्या काठावर उतरतो. धरणात उठलेल्या गावांपैकी हे एक. इथून दाट जंगलातून चढ सुरू होतो. वाटेत ओढ्याकाठी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात, तिथे सगळेच दोन मिनिटं थांबतात. मग खरी चढण लागते आणि आपण वासोट्याच्या माथ्यावर पोचतो. गड पाहून थोडं खाली उतरायचं, नागेश्वरच्या फाट्याला लागायचं आणि घाटमाथ्याच्या धारेने नागेश्वरची गुहा गाठायची. तिथून दुसऱ्या बाजूने ओढ्याच्या दगडगोट्यांतून उतरत पुन्हा मेट इंदवलीच्या वाटेला मिळायचं. झाला गोल पूर्ण.

‘अवघड’ म्हणतात, म्हणजे किती? मला जमेल का?

वासोट्याची उंची ११७१ मीटर. शिवसागर काठोकाठ भरलेला असताना पाण्याची पातळी साधारण ६५९ मीटर असते. म्हणजे चढाई पाचशे मीटरच्या थोडी वर. कळसूबाई, राजगड केलेल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही. दोर लागत नाही, कातळात बोटं रुतवून चढायचे टप्पे नाहीत.

अवघडपणा दुसरीकडे आहे. एक म्हणजे लांबी. दोन्ही ठिकाणं धरली तर थांबे वगळून सहा ते सात तास पायपीट होते. दुसरं म्हणजे उतार. नागेश्वरहून खाली येताना गुडघे आणि घोटे बोलायला लागतात, कारण तोवर पाय थकलेले असतात आणि खाली सुटे दगड असतात. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घड्याळ. लाँच ठरलेल्या वेळेत परत फिरते आणि जंगलात मुक्कामाला मनाई आहे. इतर गडांवर उशीर झाला तर टॉर्चच्या उजेडात उतरता येतं. इथे खाली पोचूनही पुढे पाणी आहे. म्हणून आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला आधी दम किती आहे ते विचारत नाही, वेळ पाळायची सवय आहे का ते विचारतो.

सोलापुरात डोंगरच नाही. सराव कुठे करायचा?

प्रश्न अगदी रास्त आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, पण सपाट. सिद्धेश्वर तलावाभोवती रोज चालणाऱ्या माणसाचा दम चांगला असतो, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना उताराची ओळख नसते. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो याच स्नायूंमुळे.

निदान महिनाभर आधी सुरुवात करा. उंच इमारतीचा जिना सर्वांत सोयीचा: पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन चढायचं आणि, हे विसरू नका, उतरायचंही पायीच. लिफ्टने खाली आलात तर निम्मा सराव वाया. रविवारी तुळजापूर घाट पायी करा. कोजागरीला सोलापुरातून हजारो लोक तुळजापूरला चालत जातात, ती चाल पूर्ण करणाऱ्यांना आम्ही डोळे झाकून घेतो, कारण दुखऱ्या पायांनी शांतपणे चालत राहणं त्यांना जमतं. सलग मोठ्या चढाची सवय हवी असेल तर शिखर शिंगणापूरच्या पायऱ्या आहेत. शंभू महादेवाचं दर्शनही होतं.

कधी जावं?

पावसाळ्यात हा भाग पर्यटकांसाठी बंद असतो, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. उघडल्यावर लगेच गेलात तर जंगल हिरवंगार, ओढे वाहते, पण वाट निसरडी आणि जळवा असू शकतात. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी आम्हाला सर्वांत चांगला वाटतो.

मार्चनंतर एक वेगळीच अडचण येते. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी आणि सिंचनासाठी सोडलं जातं, तशी जलाशयाची पातळी उतरत जाते आणि काठ मागे सरकतो. ऑक्टोबरात लाँच जवळजवळ झाडीला टेकते, उन्हाळ्यात तीच लाँच बरीच अलीकडे थांबते आणि भेगाळलेल्या गाळातून, उघड्या उन्हात चालत जंगल गाठावं लागतं. जाताना ठीक, पण परतीच्या वेळी ही चाल जीवावर येते. सोलापूरच्या माणसाला उन्हाची भीती घालू नये हे खरं, पण लांबलेल्या वाटेचा हिशेब वेळेत धरावाच लागतो.

महाशिवरात्रीला नागेश्वरला कोकणातून चोरवणे गावाच्या बाजूने मोठ्या संख्येने भाविक चढून येतात. गर्दी चालत असेल तर तो दिवसही खास असतो.

सोलापूरहून कसं जायचं?

पंढरपूर, पिलीव, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. साधारण सव्वादोनशे किलोमीटर, गाडीने पाच तास धरा. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोली आणखी तास-सव्वा तास. रात्रीच्या अंधारात कासचा घाट नवख्या चालकाने टाळावा. धुकं अचानक येतं.

एसटीने जायचं तर सोलापूर–सातारा गाडी आणि पुढे सातारा–बामणोली. मात्र सकाळच्या पहिल्या लाँचसाठी आदल्या रात्री बामणोलीत किंवा साताऱ्यात मुक्काम हवाच. सोलापूरहून रात्रभर गाडी हाकत येऊन सकाळी थेट चढायला सुरुवात करण्याचा बेत कृपा करून आखू नका. झोप न झालेला चालक परतीच्या रस्त्यावर सगळ्या गाडीला धोका असतो.

परवानगी कुणाची लागते?

वनखात्याची. वासोटा कोयना अभयारण्यात येतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. बामणोलीत वनखात्याचं कार्यालय आहे. तिथे सर्वांची नावं, ओळखपत्रं, प्रवेश शुल्क असं काम होतं. लाँचचे पैसे बोट क्लबकडे, माणशी नव्हे तर अख्ख्या लाँचचे. त्यामुळे दहा-बारा जणांचा गट असेल तर परवडतं. चौघेच असाल तर काठावर दुसरा छोटा गट शोधून एकत्र व्हा, लोक तयार असतात. दर बदलत राहतात, निघण्याआधी बामणोलीत फोन लावून विचारा आणि रोख पैसे जवळ ठेवा.

नागेश्वरही करायचं आहे हे परवानगी घेतानाच स्पष्ट सांगा, आणि नावाड्यालाही सांगा. नुसता वासोटा समजून तो परतीची वेळ ठरवेल आणि मग काठावर वाद होतील. प्लास्टिकच्या बाटल्या, पुड्या मोजून नोंदल्या जातात. परत येताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात. कुणी कुरकुर करू नये, फार चांगला नियम आहे.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं?

आम्ही असं धरतो. सकाळी सातला बामणोलीच्या काठावर, पोहे-चहा उरकून, कागद हातात घेऊन. आठच्या सुमारास लाँच. साडेनऊला मेट इंदवली. पावणेबारा ते बारापर्यंत गडमाथा. साडेबाराला गड सोडायचा. अडीचला नागेश्वर. साडेचारला परत काठावर.

यात मोकळा वेळ अर्ध्या तासाच्या वर नाही, हे लक्षात घ्या. कागदपत्रांत अर्धा तास गेला, लाँच उशिरा सुटली, कुणाच्या पायात गोळा आला, की तो संपला. म्हणून आमचा एकच नियम आहे आणि तो निघायच्या आधी सर्वांकडून कबूल करून घेतो: साडेबारा वाजून गेले आणि शेवटचा माणूस गडावर पोचलेला नसेल, तर नागेश्वर रद्द. पहिला माणूस नव्हे, शेवटचा. पुढचे तिघे अकराला पोचून हुशारी करत असतील तरी गट मागच्या माणसाच्या वेगानेच चालतो.

सूर्यास्ताच्या भरवशावरही राहू नका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण आपली वाट डोंगराच्या पूर्व उतारावर आहे. सूर्य माथ्याआड लवकर जातो आणि झाडीत पाचलाच कोंदट अंधार वाटायला लागतो. सोलापूरच्या उघड्या माळावर संध्याकाळ लांबत जाते, तो अंदाज इथे चालत नाही.

आधी नागेश्वर करून मग वासोटा केला तर?

करणारे करतात. आम्ही सांगत नाही. वासोटा आधी केला की दुपारी बारालाच कळतं आपण कुठे आहोत, आणि तिथून सरळ खाली यायची मळलेली वाट हाताशी असते. उलट गेलात तर निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा तुम्ही धारेच्या मध्यावर असता.

पाण्याची सोय?

गडावर टाकं आहे, ओढ्यांना हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पाणी असतं. पण माणशी तीन लिटर पाठीवरच हवं. टाक्याचं पाणी घेतलंत तर क्लोरीनच्या गोळ्या टाकून प्या.

जेवायला काय न्यावं?

या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगा चटणी याहून चांगला ट्रेकचा डबा कुठे मिळणार? कडक भाकरी वजनाला हलकी, आंबत नाही, दोन दिवस सॅकमध्ये राहिली तरी तशीच. शेंगा चटणीत तेल, दाणे, मीठ, तिखट सगळं आलं. घामातून जाणारं मीठ भरून निघतं आणि पोटाला आधार होतो. फक्त भाकरीचा चुरा होऊ नये म्हणून ती स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि तिला पाणी जास्त लागतं हे धरून पाणी घ्या. सोबत दही नको. धपाटे, गूळ, खजूर, चिक्की चालेल. दोन लिंबं आणि ओआरएसची पाकिटं प्रत्येकाकडे हवीत.

गडावर पोटभर जेवू नका. थोडं खा, नागेश्वरला थोडं खा. भरल्या पोटी धारेवरून चालताना आळस येतो आणि ठेच लागते.

बूट, कपडे?

खोल नक्षीच्या तळाचे बूट, निदान महिनाभर वापरलेले. नवे कोरे बूट घालून आलेल्याच्या टाचेला मेट इंदवली सोडतानाच फोड येतो.

खोल नक्षीचा तळ का हवा, याचं कारण जमिनीत आहे. सोलापुरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या वर जातो आणि कोयनेचं खोरं त्याच पट्ट्यातलं. एवढ्या पावसाने वाढलेलं जंगल वर्षभर पानं गाळतं. चढावर या पानांचा जाड थर असतो, वरून कोरडा, खाली ओला. त्याच्याखाली मूळ आहे, दगड आहे की खड्डा, ते दिसत नाही. काळ्या रानात आणि मुरमाच्या रस्त्यावर चालणाऱ्या आपल्या पायांना याची सवय नसते. पाऊल टाकताना आधी टाच न टेकवता सबंध तळवा टेकवा, वजन हळू सोडा. एक काठी फार उपयोगी पडते.

अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट. कारवीच्या झुडपांतून जाताना उघडे हात ओरबाडतात. हिवाळ्यात लाँचवर वारा झोंबतो, तेव्हा एक जाडसर जाकीट. ज्येष्ठ मंडळी सोलापुरी चादर गुंडाळून बसतात, तेही झकास.

वाघ, अस्वल दिसतं का?

हे त्यांचं घर आहे, असतातच. पण आरडाओरडा न करता, एकत्र चालणाऱ्या गटाच्या वाटेला सहसा कुणी येत नाही. गव्यांचे खूर, अस्वलाने उकरलेली वारुळं दिसू शकतात. नशीब असेल तर शेकरू दिसतो. तो आपला राज्यप्राणी, उंच फांद्यांवरून झेपा घेत जाणारा, तपकिरी पाठीचा आणि झुपकेदार शेपटीचा. डोकं वर करून पाहायचं असेल तर आधी थांबा, मग पाहा.

खरी काळजी घ्यायची ती आग्या माशांची. कड्यांना त्यांची मोठी पोळी असतात. अत्तर, बॉडी स्प्रे, सिगारेट, शेकोटी, ढोल-ताशा, स्पीकर, यातलं काहीही नको. माशा उठल्याच तर हात झाडू नका, तोंड झाका आणि झाडीच्या दिशेने दूर व्हा. कड्याच्या कडेला धावू नका.

गडावर नक्की काय पाहायचं?

पडझड झालेल्या दरवाजांतून आत गेलं की बिनछपराचं मारुतीचं मंदिर. तिथून वाटा फुटतात. वाड्याची जोती, चुन्याचा घाणा, महादेवाचं मंदिर, पाण्याचं टाकं. काळकाईच्या माचीवर गेलात तर नागेश्वरचा सुळका समोर दिसतो आणि आपल्याला कुठवर जायचं आहे त्याचा अंदाज येतो.

दुसऱ्या टोकाला बाबू कडा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा बाकदार, खाली थेट कोकणातलं रान, आणि पलीकडे ‘जुना वासोटा’ म्हणतात तो शेजारचा डोंगर. इथे कडेपासून निदान दहा पावलं अलीकडे थांबायचं. वारा एका दिशेने येत नाही, खालून वर उसळतो, आणि कडेला सुटा घसारा आहे. सेल्फीसाठी पाठ कड्याकडे करून मागे सरकणारा माणूस आम्ही गटात ठेवत नाही. यावर चर्चा करत नाही.

गडाचा इतिहास थोडक्यात सांगाल?

थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण यात आपल्या जिल्ह्याचा संबंध फार जवळचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

शिवाजी महाराजांनी गड घेतला आणि त्याचं नाव व्याघ्रगड ठेवलं. राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज कैदी १६६१ मध्ये इथे ठेवले होते. चहूबाजूंनी रान आणि कडे, त्यामुळे वासोटा म्हणजे कैदखाना हीच त्याची ओळख राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला औंधच्या पंतप्रतिनिधींची साथीदार ताई तेलीण हिने त्यांना कैदेतून सोडवलं आणि पुढे पेशव्यांचे सेनापती बापू गोखले चालून आले तेव्हा हाच गड धरून त्यांना महिनोन्महिने झुंजवलं. गड शेवटी बापूंनी घेतला, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते ताईचं.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या बाजीरावाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या कुटुंबीयांना याच वासोट्यावर ठेवलं होतं. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीची लढाई झाली. ही आष्टी आपल्या मोहोळ तालुक्यातली. तिथे बापू गोखले धारातीर्थी पडले आणि प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने जुन्या वासोट्यावरून तोफा डागून गड घेतला. आणि तीच फौज पुढे जनरल मन्रोच्या हाताखाली मे १८१८ मध्ये सोलापूरच्या भुईकोटावर येऊन थडकली. सिद्धेश्वर तलावाकाठचा किल्ला आपण रोज पाहतो, त्याच्या पडण्याआधीचा एक अध्याय वासोट्यावर घडला. बाबू कड्यावरून जुन्या वासोट्याकडे बघताना हे ठाऊक असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

नागेश्वरला काय आहे?

कातळात गुहा, आत शिवलिंग, आणि गुहेच्या छतातून त्यावर ठिबकणारं पाणी. बाहेर ऊन असलं तरी आत थंडगार. चप्पल-बूट बाहेर काढा, डबा गुहेत उघडू नका. गुहेपुढे सगळ्यांना सावकाश बसावंसं वाटतं, म्हणून गटप्रमुखाने पोचल्याबरोबर निघायची वेळ मोठ्याने सांगून टाकावी.

वाट चुकण्याची शक्यता कुठे?

गडावरून उतरताना नागेश्वरच्या फाट्यावर, आणि पुढे धारेवर जिथे गव्यांच्या ढोरवाटा आपल्या वाटेला छेदतात. ढोरवाट हळूहळू झाडीत विरत जाते, माणसांची वाट मळलेली राहते. दोन-तीन मिनिटं वाट अंधूक वाटली की पुढे रेटू नका, शेवटच्या ठळक खुणेपर्यंत मागे या. पहिल्यांदा जात असाल तर स्थानिक वाटाड्या घ्याच. या लोकांची गावं धरणात गेली, रान त्यांच्या पायाखालचं आहे, आणि चार पैसे त्यांच्या घरी गेले तर ते योग्यच.

मुलांना, वयस्कर मंडळींना आणू का?

नुसत्या वासोट्याला दहा-बारा वर्षांचं चालणारं मूल येऊ शकतं. पूर्ण गोलासाठी आम्ही पंधराच्या आतल्यांना नको म्हणतो. वयाची वरची अट नाही, गुडघ्यांची आहे. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मोबाइलला रेंज असते का?

रानात धरू नका. घरच्यांना बामणोलीतूनच फोन करून सांगा की संध्याकाळी सातपर्यंत संपर्क होणार नाही. नाहीतर सोलापुरात आई काळजी करत बसते.

कुणाला लागलं तर काय?

दवाखाना म्हणजे आधी काठ, मग दीड तास लाँच, मग सातारा. म्हणून क्रेप बँडेज, जंतुनाशक, वेदनाशामक, स्वतःची रोजची औषधं आणि एक शिट्टी प्रत्येक गटात हवी. पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आली की तो परत चढत नाही. बुटावरूनच बँडेज बांधा. साप चावला तर चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. अवयव हलू न देता, माणसाला शक्यतो न चालवता काठावर आणा. दोघांना पुढे पाठवून नावाड्याला लाँच तयार ठेवायला सांगा. रेंज मिळताच १०८.

रविवारी ट्रेक करून सोमवारी ड्युटीला हजर होता येईल का?

साडेचारला काठावर आलात तर सहाला बामणोली, साडेसातला सातारा, जेवून निघालात तर मध्यरात्र उलटल्यावर एकच्या पुढे सोलापूर. होता येईल, पण गाडी चालवणाऱ्याने सोमवारची सुटी काढावी. शनिवारी ट्रेक, रात्री साताऱ्यात झोप आणि रविवारी दुपारी घरी, हा बेत आम्ही सगळ्यांना सुचवतो. बामणोलीला शनिवारी गर्दीही थोडी कमी असते आणि पहिली लाँच मिळण्याची शक्यता वाढते.